लेप चकचकीत, खाली हिरवा गंज: कन्फॉर्मल कोटिंगमधल्या या चुका टाळा

कोकणपट्टीत एसीच्या आउटडोअर युनिटमधला सर्किट बोर्ड उघडला की पुष्कळदा हेच दिसतं: वरचं कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डाला ओलाव्यापासून जपणारा पातळ लेप, शाबूत, पण त्याखाली तांब्याची रेघ हिरवी पडलेली. मग पुढच्या वेळी लेप जाड दिला जातो, आणि तीच खरी चूक. कमी पडलेली असते ती सफाई.

पाण्याचा थेंब लेपावर अडतो, बाष्प मात्र हळूहळू आत शिरतंच. फ्लक्सचे (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या रसायनाचे) अंश, घामेजलेल्या बोटांचे ठसे, खाऱ्या हवेतलं मीठ तिथे कोंडलेलं असेल तर ते बाष्प ओढून घेतं. लेपाला बारीक फोड येतात आणि व्होल्टेज मिळताच गंज पसरतो. ‘नो-क्लीन’, म्हणजे धुवायची गरज नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या, फ्लक्सवरही विसंबू नका. हाताने सोल्डर करताना तो कडेला अर्धवट तापलेला उरतो. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने घासा, आणि शेवटी बोर्ड तिरपा धरून वरून ताजं आयपीए ओता. एकाच वाटीतल्या गढूळ आयपीएने घासत राहिलात तर घाण नुसती पसरते. वाळल्यावर पांढरट थर दिसला तर हेच झालंय असं समजा. मग ६० ते ७० अंश सेल्सिअसला तासभर वाळवा आणि हातमोजे घालूनच उचला.

स्प्रे २० ते २५ सेंटिमीटरवरून, पातळ हातांनी द्या. दर हाताला बोर्ड ९० अंशांनी फिरवा, मध्ये १० ते १५ मिनिटं थांबा. वाळल्यावर ॲक्रिलिक जातीच्या लेपाची जाडी ३० ते १३० मायक्रॉन हवी, सिलिकॉन जातीच्या लेपाची ५० ते २१०. एकाच दाट हातात बुडबुडे अडकतात आणि ऊन-गारव्यात लेप तडकतो. पावसाळी हवेत स्प्रे केला तर सॉल्व्हंट (लेप पातळ ठेवणारा द्रव) उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि लेप दुधी पडतो. खोली कोरडी ठेवा. लेप मध्येच गोल गोल फाटून मासोळीच्या डोळ्यासारखे ठिपके पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. वरून आणखी हात देऊन ते बुजत नाहीत. लेप काढून पुन्हा धुवावंच लागतं. पिनांच्या टोकांवरून लेप ओघळून पातळ होतो, म्हणून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली आधी टोकं पाहा (लेपात चमकणारा रंग असेल तरच).

कनेक्टर, उघडे रिले, ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवून जुळवायचा छोटा रोधक), स्विच, फ्यूजहोल्डर झाकून घ्या. लेप केशाकर्षणाने (बारीक फटींतून आपोआप ओढला जाऊन) खालून पिनांत चढतो, त्यामुळे वरून नुसती टेप पुरत नाही. लेप हाताला चिकटेनासा झाला की टेप सोलून काढा. पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर कडेचा लेपही उचकटतो. बाथरूमचं सीलंट कधीही लावू नका. व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक आम्ल असतं आणि ते तांबं खातं.

दुरुस्तीसाठी जुना लेप काढताना सॉल्व्हंट ओतण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. थिनरचा बोळा कोपऱ्यावर दोन मिनिटं ठेवा. लेप चिकट झाला तर ॲक्रिलिक. बोळ्यांनी टिपून निघतो, फक्त ॲसिटोन प्लॅस्टिकच्या कनेक्टरना लागू देऊ नका. नखाखाली रबरासारखा दबला तर सिलिकॉन. तो विरघळत नाही, फुगवून लाकडी काडीने सोलावा. कडक राहिला तर युरेथेन किंवा इपॉक्सी. युरेथेनवर सोल्डरिंग गन टेकवली तर आयसोसायनेटचा विषारी धूर निघतो. धूर ओढणारा पंखा नसेल तर ते करूच नका. इपॉक्सी रसायनाने काढायच्या भरीस पडू नका: एफआर-४ (नेहमीचा काचतंतूचा) बोर्डही इपॉक्सीचाच असतो, लेपाला खाणारं रसायन बोर्डालाही खातं. तो बारीक हत्याराने, दुरुस्तीपुरताच खरवडा.

दुरुस्ती झाली की तेवढा भाग पुन्हा धुवा आणि त्याच जातीचा लेप, जुन्या कडेवर थोडा चढवून द्या. सिलिकॉनवर ॲक्रिलिक धरत नाही. काही दिवसांत पापुद्रा सुटतो.