मेडिकलमधून गोळी घेताना आधी पाकीट उलटून बघा

डोकं दुखलं, सर्दी झाली की डॉक्टरच्या चिठ्ठीच्या भानगडीत कोण पडतंय, ठाणे स्टेशनला उतरून घरी जाताना वाटेतल्या मेडिकलमध्ये "दोन क्रोसिन द्या" म्हणायचं, तो कात्रीने दोन गोळ्या कापून पुडीत टाकतो, विषय संपला. गोळी खोटीच असते असं मी म्हणत नाहीये, पण कापलेल्या तुकड्यावर बरेचदा ना बॅच नंबर असतो ना एक्सपायरी, आणि बिल तर आपण मागतच नाही, मग उद्या काही झालं तर दाखवणार काय?

म्हणून शक्यतो अख्खी स्ट्रिप घ्या. सुट्ट्याच हव्या असतील तर कापायच्या आधी स्ट्रिप हातात घेऊन शिक्का असलेल्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. आणि बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी आहे का आणि तोच नंबर स्ट्रिपवर आहे का ते तिथेच काउंटरवर बघा, मागे लाईन लागली तर लागू दे.

आता सील. औषधांच्या बाटल्यांना आज इतकी पक्की सीलं असतात त्याला एक कारण 1982 चं शिकागो. तिथे कोणीतरी टायलेनॉल नावाच्या डोकेदुखीच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून बाटल्या दुकानात ठेवल्या, सात माणसं गेली, कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि करणारा आजवर सापडला नाही. त्यानंतर अमेरिकेत सीलचे नियम आले. बघायचं कसं तर सिरपचं झाकण पहिल्यांदा फिरवताना खालची रिंग कट्‌ करून तुटली पाहिजे, आधीच सुटलेली असेल तर बाटली परत. मलमाच्या ॲल्युमिनियम ट्यूबचं तोंड बंद असतं आणि झाकणाच्या टोकाने भोक पाडावं लागतं, ते आधीच पडलेलं असेल तर घेऊ नका. स्ट्रिपची फॉइल फुगलेली, टोचलेली किंवा परत चिकटवल्यासारखी वाटली, कॅप्सूल चेपलेली किंवा पावडर बाहेर आलेली दिसली, तारखेवर खाडाखोड दिसली तरी नकोच. (पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणाने गोळ्या मऊ पडतात, पण त्याही खायच्या नाहीतच.)

पण खरं सांगू का, सील शाबूत आहे म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर कोणी हात लावला नाही, एवढंच. आत मुळात काय भरलंय ते सील सांगत नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये पेशंटना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि 14 पेशंट दगावले, 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कोल्ड्रिफ सिरपमधून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेलं. तेव्हा आपल्या एफडीएने (म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने) लोकांना सावध केलं ते बॅच नंबर सांगून, एसआर-13. आता घरात बाटली आहे पण खोका फेकलाय आणि लेबल सिरप सांडून पुसलंय, तर ओळखणार कशी? म्हणून औषध संपेपर्यंत खोका ठेवायचा. लहान मुलांना तर सर्दीखोकल्याचं सिरप आपल्या मनाने देऊच नका.

1 ऑगस्ट 2023 पासून बनलेल्या 300 ठरावीक ब्रँडवर क्यूआर कोड लागतो. स्कॅन केल्यावर आलेला बॅच नंबर आणि स्ट्रिपवर छापलेला जुळवून बघा, कारण नुसता कोड काय, कोणीही झेरॉक्स मारेल. ऑनलाईन मागवलेलं पार्सल वॉचमनकडे ठेवलं असेल तर पाकीट फाडतानाच हे सगळं बघा. लोकलमध्ये फेरीवाल्याकडून बाम-बिम घेऊ नका, तक्रार करायला तो परत सापडायचा नाही.

संशय आला तर औषध खाऊ नका आणि फेकूही नका, पाकीट आणि बिलासकट तसंच बाजूला ठेवा. दुकानदार "द्या, बदलून देतो" म्हणेल पण एकुलता एक पुरावा त्याच्या हातात देऊ नका. एफडीएचा टोल फ्री नंबर 1800 222 365, ठाण्याचं ऑफिस वागळे इस्टेटला आहे. औषध कायद्याच्या कलम 26 प्रमाणे फी भरून सरकारी लॅबमध्ये तपासून घेण्याचा हक्क साध्या ग्राहकालाही आहे. गोळी आधीच पोटात गेली असेल आणि त्रास होत असेल तर आधी डॉक्टर, पाकीट सोबत न्या, आणि रिॲक्शन नोंदवायला 1800 180 3024.