किरण दिलेल्या भातातील नको असलेले बदल कसे काढावेत

आंबेमोहरासारख्या उंच, लोळणाऱ्या सुवासिक भाताला गॅमा किरण देऊन बुटके रोप मिळवता येते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने छत्तीसगडच्या दुबराज वाणावर याच पद्धतीने काम केले आहे. मात्र किरण केवळ उंचीच्या जनुकावर नेम धरून पडत नाहीत. त्याच दाण्यात इतरत्रही बदल होतात आणि ते पुढे पोचट दाणे, लांबलेली पक्वता किंवा हरवलेला सुवास या रूपांनी डोके वर काढतात.

पहिली पायरी बियाण्याची. किरण देण्यापूर्वी त्याच शुद्ध बियाण्याची एक पिशवी वेगळी काढून कोरड्या, थंड जागी जपून ठेवावी. पुढचे सारे काम तिच्यावर अवलंबून आहे. दाण्यातील ओलावा १२ ते १४ टक्के असावा, कारण फार सुकलेल्या बियाण्यात गुणसूत्रांची मोडतोड अधिक होते. किरणांची मात्रा जितकी जास्त तितके उत्परिवर्तक, म्हणजे जनुक बदललेली रोपे, जास्त, हा हिशोब फसवा आहे, कारण त्यांच्यासोबत कचराही वाढतो. कॅलिफोर्नियाचा ‘कॅलरोज ७६’ हा बुटका वाण २५० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रेतून मिळाला होता. त्याच्या फार पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी पायरी पहिल्या पिढीची, म्हणजे किरण दिलेल्या बियाण्यातून उगवलेल्या रोपांची. ही रोपे इतर भातापासून दूर लावावीत, कारण वांझपणामुळे त्यांच्या फुलांत परके पराग सहज शिरतात. प्रत्येक रोपाची मुख्य लोंबी वेगळी काढावी.

तिसऱ्या पायरीत प्रत्येक लोंबीची एक ओळ पेरून, दुसऱ्या पिढीतील भरल्या लोंब्यांची बुटकी रोपे निवडावीत.

चौथी पायरी सर्वांत अवघड असून मलाही तीच जड गेली. सहा पिढ्या नुसती निवड करीत राहिल्यास रोप आपोआप स्वच्छ होते, असे सर्रास सांगितले जाते आणि ते साफ चुकीचे आहे. स्वपरागीकरणाने वाण एकसारखा होतो. परंतु जो नकोसा बदल जोडीतील दोन्ही गुणसूत्रांवर बसला, तो कितीही पिढ्या गेल्या तरी हलत नाही. त्याला हटवण्यासाठी मूळ वाणाशीच, म्हणजे जपून ठेवलेल्या पिशवीतील रोपांशी, संकर करावा लागतो. एखाद्या अधिक उत्पादन देणाऱ्या वाणाशी संकर करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याची सगळी जनुके आत येतात आणि ज्या सुवासासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो.

बुटकेपणा अप्रभावी असेल, म्हणजे जोडीतील दोन्ही गुणसूत्रांवर असल्यावरच दिसत असेल, तर बुटके रोप मादी आणि मूळ उंच रोप नर ठेवावे. सायंकाळी फुलाच्या टोकाचा तिसरा हिस्सा कापून आतले सहाही परागकोश चिमट्याने काढावेत, लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उमलताच उंच रोपाचे पराग त्यावर झटकावेत. एक परागकोश जरी आत राहिला तरी दाणा स्वपरागाचा निघू शकतो. पण मादी बुटकी असल्याने तो लपत नाही. संकरित पिढीत उंच दिसेल तेच रोप खरे, बुटके दिसेल ते उपटून टाकावे.

त्यापुढच्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश रोपे बुटकी निघतात. उंचीच्या जनुकापासून दूर असलेला एखादा नकोसा बदल यांपैकी चौथ्या हिश्श्यातून पूर्ण नाहीसा झालेला असतो. असे तीन बदल असतील तर तिन्हींपासून मुक्त रोप ६४ बुटक्यांत एखादेच मिळते. म्हणूनच शेकड्यांनी रोपे लावावीत आणि निवडलेल्या बुटक्यांचा मूळ वाणाशी पुन्हा एकदा संकर करावा. उंचीच्या जनुकाला अगदी चिकटून असलेला बदल मात्र सहजी सुटत नाही; तो दोष टिकून राहिला तर दुसऱ्या उत्परिवर्तकापासून सुरुवात करणे मी अधिक योग्य मानतो.

पाचव्या पायरीत निवडलेल्या ओळी मूळ वाणाच्या शेजारी लावाव्यात, दोहोंचा भात शिजवून वास व चव पाहावी आणि उंचीखेरीज कशातही फरक दाखवणारी ओळ काढून टाकावी.