रंगीत रत्नांच्या खाण कंपनीचे शेअर घ्यायचेत? आधी लिलावाचा निकाल वाचायला शिका

मी या भानगडीत पडलो ते एका फोटोमुळे. तळहातावर ठेवलेला लालभडक खडा, खाली कंपनीची प्रेस रिलीज, आणि मी दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्या उघडल्या शेअर घेऊन मोकळा. कंपनी अगदीच चिमुकली होती, नाव सांगत नाही. खडा खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही, पण कंपनीकडे पगाराला पैसे नव्हते, मग नवीन शेअर काढले, परत काढले, आणि माझा हिस्सा साबणाच्या वडीसारखा झिजत गेला. तेव्हापासून मी खड्यांचे फोटो बघत नाही, तीनच गोष्टी बघतो: लिलावात किती माल मांडला, त्यातला किती विकला गेला, आणि सगळं झाल्यावर बँकेत किती रोकड उरली.

आता मुळात घ्यायला आहे काय ते बघू. सोन्याच्या खाणींचे शेअर शेकड्याने मिळतात, हिऱ्यांचेही बरेच आहेत, पण पाचू, माणिक, नीलम यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण जगातला बराचसा रंगीत माल अजून छोटे छोटे खाणवाले आणि हाताने खणणारे लोकच काढतात, तिथे शेअर बाजार पोचलेलाच नाही. मोठं म्हणावं असं लिस्टेड नाव एकच, जेमफील्ड्स. जोहान्सबर्ग आणि लंडनचं एआयएम (छोट्या कंपन्यांसाठीचं) मार्केट अशा दोन ठिकाणी शेअर आहे, झांबियात कागेम ही पाचूची खाण आणि मोझांबिकमध्ये मोन्टेप्युएझ ही माणकाची. फुरा जेम्स एकेकाळी टोरोंटोच्या व्हेंचर एक्स्चेंजवर होती, आता खाजगी आहे. म्हणजे २०२३ मध्ये ३ कोटी ४८ लाख डॉलरला विकलं गेलेलं ते ५५.२२ कॅरटचं माणिक ज्यांच्या खाणीतून आलं, त्यांचा शेअर तुम्हाला मिळणारच नाही. बाकी उरतात त्या शोध घेणाऱ्या पिटुकल्या कंपन्या, त्यांचं काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून खाली उदाहरणं जास्त करून जेमफील्ड्सची येतील, घ्या किंवा घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, शिकायला तेवढा एकच धडा उपलब्ध आहे म्हणून.

तर लिलाव. सोन्याचा भाव तुम्ही मोबाईलवर बघू शकता, हिऱ्याला रॅपापोर्टची लिस्ट असते, पण कच्च्या पाचूचा आजचा भाव असं काही नसतंच. प्रत्येक खडा वेगळा: रंग, पारदर्शकता, आकार, आत किती भेगा. म्हणून जेमफील्ड्सने २००९ पासून स्वतःची पद्धत बसवली, माल ग्रेडप्रमाणे वेगळा करायचा, लॉट बनवायचे, निवडक व्यापाऱ्यांना बोलवायचं, ते येऊन भिंग लावून बघणार आणि बंद बोली टाकणार. कंपनीने मनात एक किमान किंमत धरलेली असते, बोली त्याच्या खाली आली तर लॉट परत तिजोरीत. माणकाचा पहिला लिलाव जून २०१४ ला सिंगापूरला झाला होता, ३ कोटी ३५ लाख डॉलरचा.

कंपनीची वर्षाची कमाई म्हणजे हे असे मोजके लिलाव. एखादा पुढे ढकलला किंवा फसला तर अख्खं वर्ष कोलमडतं. २०२० मध्ये कोविडमुळे व्यापारी माल बघायलाच जाऊ शकले नाहीत, कमाई जेमतेम साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास आली, आणि दोनच वर्षांनी २०२२ मध्ये तीच ३४ कोटी डॉलर! पुढे २०२४ ला घसरून २१ कोटींच्या आसपास. असल्या आकड्यांवर पीई रेशो (शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) लावून स्वस्त की महाग ठरवणं म्हणजे पावसाळ्यातली नदी बघून उन्हाळ्यातल्या पाण्याचा अंदाज करणं. निदान चार-पाच वर्षांची सरासरी काढा, त्यात एक तरी वाईट वर्ष धरा, मग बोलू.

निकाल कसा वाचायचा? हेडलाईनमध्ये एकूण रक्कम आणि कॅरटमागे सरासरी किंमत असते, लोक तिथेच थांबतात. सरासरी किंमत मात्र फसवी आहे. उंची मालाचा लिलाव आणि कमर्शियल म्हणजे साध्या मालाचा लिलाव वेगवेगळे होतात, दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे या महिन्याची सरासरी मागच्या महिन्याशी लावली तर काहीच्या काही दिसेल. पाचू असेल तर पाचूशी, उंची असेल तर मागच्या उंचीशीच लावा. आणि त्यातही खोड अशी की कंपनीने हलका माल मांडलाच नाही तरी सरासरी वर जाते, बाजार काही सुधारलेला नसतो. म्हणून मी आधी मांडलेले लॉट आणि विकलेले लॉट बघतो. नव्वद टक्क्यांच्या वर गेलं असेल तर कंपनी आणि व्यापारी यांची किंमतीची समजूत जुळतेय. साठ-सत्तरवर आलं तर काहीतरी बिनसलंय, मग सरासरी कितीही छान दिसू दे. मोझांबिकमध्येच मस्टँग रिसोर्सेस नावाची ऑस्ट्रेलियात लिस्टेड कंपनी होती, २०१७ मध्ये मोठा गाजावाजा करून पहिला माणकाचा लिलाव केला, मांडलेल्यातला अगदी थोडका माल विकला गेला आणि शेअर धाडकन खाली आला. खाण होती, माणकं होती, गिऱ्हाईक त्या किंमतीला नव्हतं.

आता रोकड, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बहुतेकांचे हात इथेच भाजतात.

चांगल्या काळात कंपनीने डिव्हिडंड दिले, २०२२ ला २ कोटी डॉलर, २०२३ ला साडेतीन कोटी, २०२४ ला १ कोटी. डिव्हिडंड बघून बरेच लोक शिरले असणार. त्याच काळात मोन्टेप्युएझला ७ कोटी डॉलरचा दुसरा प्रोसेसिंग प्लांट उभारायचं कामही चालू होतं. तेवढ्यात २०२४ च्या दुसऱ्या अर्ध्यात पाचूचा बाजार बसला, झांबियातल्याच दुसऱ्या उत्पादकाचा माल स्वस्तात बाजारात आला असं कंपनीने सांगितलं, मोझांबिकमध्ये निवडणुकीनंतर गोंधळ, आणि माणकाचा उंची माल खाणीतून कमी यायला लागला. सगळं एकदम. २०२५ च्या सुरुवातीला कागेमचं खोदकाम काही महिने थांबवलं आणि मग राईट्स इश्यू, म्हणजे आधीच्याच शेअरहोल्डरना नवीन शेअर विकून पैसे उभे करणं, सुमारे ३ कोटी डॉलरचा, दर २१ शेअरमागे १० नवीन. म्हणजे आधी तीन वर्षांत वाटले त्यातले जवळपास निम्मे परत मागितले. ज्यांनी पैसे घातले नाहीत त्यांचा हिस्सा पातळ झाला. त्याच वर्षी फॅबर्जे हा दागिन्यांचा ब्रँड ५ कोटी डॉलरला विकायचा करार केला, जो घेताना १४ कोटींच्या वर पडला होता. खाणवाल्याने दागिन्यांचं दुकान चालवायला घेतलं की मी तरी कपाळाला हात लावतो, पण तो माझा स्वभाव.

यातून करायचं काय, तर सहामाही रिपोर्ट आला की नफा-तोट्याचं पान सोडून सरळ कॅश फ्लोवर जा. निव्वळ कर्ज किती आहे ते बघा, आणि लिलावाची येणं बाकी, म्हणजे माल विकला गेलाय पण व्यापाऱ्याकडून पैसे यायचेत ती रक्कम, ती वेगळी लिहून ठेवा. ती वाढत चालली असेल तर गिऱ्हाईक ओढाताणीत आहे. मग प्लांट, मशिनरी यावर पुढच्या वर्षी किती खर्च ठरलाय ते शोधा. आणि स्वतःलाच विचारा, एक अख्खा लिलाव रद्द झाला तर कंपनी बँकेच्या दारात जाते की शेअरहोल्डरच्या? उत्तर शेअरहोल्डर असेल तर डिव्हिडंडचा मोह धरू नका.

दुसरं, खाण अख्खी तुमच्या कंपनीची नसते. कागेमचे ७५ टक्के जेमफील्ड्सकडे, २५ झांबिया सरकारकडे. मोन्टेप्युएझचेही ७५-२५, तिथे स्थानिक भागीदार. बातमीत लिलावाची रक्कम पूर्ण छापतात, पण तुमच्या वाट्याला येतं ते रॉयल्टी, टॅक्स, खाणीचा खर्च, मग चौथा हिस्सा भागीदाराचा आणि हेड ऑफिसचा खर्च वजा जाऊन. ८ कोटी डॉलरच्या लिलावाची बातमी वाचून नाचण्याआधी ही वजाबाकी कागदावर करून बघा, एकदाच करा, डोकं जागेवर येतं.

सरकारचंही बघायला लागतं. झांबियाने २०१९ ला रत्नांच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला, नंतर स्थगित केला, जानेवारी २०२५ ला तो परत आला आणि मार्चमध्ये पुन्हा स्थगित झाला. लक्षात घ्या, हा कर विक्रीवर होता, नफ्यावर नाही. समजा शंभराच्या विक्रीत खर्च जाऊन तीस उरत होते तर त्यातले पंधरा इथेच गेले, वर ६ टक्के रॉयल्टी वेगळी. म्हणून त्या देशाचं बजेट कधी मांडतात ती तारीख लिलावाच्या तारखेशेजारी लिहून ठेवायची. टांझानियाची गोष्ट तर आणखी पुढची, २०१० च्या खाण कायद्याने रत्नांच्या खाणीत निम्मी मालकी स्थानिकांची हवी असं ठरलं, आणि २०१८ मध्ये मेरेरानीच्या टांझानाईट खाणींभोवती सरकारने २४ किलोमीटरची भिंतच बांधून टाकली. तिथली मोठी खाण चालवणारी लंडनला लिस्टेड कंपनी त्याच्या आधीच खाण विकून बाहेर पडली होती.

खाणीभोवतीचे लोक हा वेगळाच विषय आहे आणि तो रिपोर्टच्या मागच्या पानांवर असतो. मोन्टेप्युएझमध्ये बेकायदा खणणारे हजारोंनी येतात, डिसेंबर २०२४ मध्ये जमाव खाणीच्या हद्दीत घुसला आणि काम थांबवावं लागलं. त्याआधी मारहाण आणि अत्याचाराच्या आरोपांवरून लंडनमध्ये दावे झाले होते, जानेवारी २०१९ ला जेमफील्ड्सने जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. पैशाचा हिशोब सोडा, असला पैसा आपल्याला हवा का हे ज्याचं त्याने आधीच ठरवलेलं बरं, नंतर ठरवायला गेलं की शेअर खाली असतानाच ठरवावं लागतं.

जमिनीखालचं थोडंसं. सोन्याच्या रिपोर्टमध्ये टनामागे किती ग्रॅम ते बघून अंदाज येतो, इथे टनामागे कॅरट असतात पण कॅरट कॅरटमध्ये फरक आहे. मोन्टेप्युएझलाच मानिंगे नाइस भागात मूळ खडकातून भरपूर माल निघतो पण बराचसा हलका, आणि मुगलोटोच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरातून थोडाच निघतो पण पैसा त्यात. त्यामुळे कॅरट वाढले असं वाचलं की विचारा, कुठले? उंची मालाचं उत्पादन वेगळं दाखवलेलं असतं, तोच आकडा धरायचा. आणि ६,००० कॅरटचा अवाढव्य पाचू सापडला अशी बातमी आली तर छान, फोटो बघा आणि पुढे चला, एका खड्याने ताळेबंद बदलत नाही.

लॅबमधल्या खड्यांची भीती बरेच जण घालतात. कृत्रिम माणिक १९०२ पासून बनतंय, खरं माणिक तरी विकलंच जातंय, त्यामुळे मी या काळजीला खालचा नंबर देतो. हिऱ्याचं झालं तसं इथे एका रात्रीत होईल असं वाटत नाही.

आता प्रत्यक्ष घ्यायचं म्हटलं तर. आधी बघा तुमचा ब्रोकर जोहान्सबर्ग देतो की लंडन, दोन्हीकडे असेल तर जिथे रोजचा व्यवहार जास्त आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर कमी तिथे घ्या. कंपनी कमावते डॉलरमध्ये, शेअरचा भाव रँड नाहीतर पौंडात, तुमचं चलन तिसरंच, त्यामुळे शेअर जागेवर असूनही तुम्ही वर-खाली होणार. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्या अशी) टाकू नका, कधीच नाही, व्यवहार इतका पातळ असतो की मोठी ऑर्डर स्वतःच भाव पळवते. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी) टाका आणि दोन दिवस बसून रहा. पैसे तीन भागांत करा, पहिला आज, दुसरा पुढच्या लिलावाचा निकाल वाचल्यावर, तिसरा सहामाही रिपोर्टमधली रोकड बघितल्यावर. निकालाच्या आदल्या दिवशी अंदाजाने घेणं म्हणजे व्यापाऱ्यांच्या बंद पाकिटावर सट्टा, त्या पाकिटात काय आहे ते त्यांना माहीत असतं, आपल्याला नाही.

एकूण पोर्टफोलिओचे दोन-तीन टक्के, माझं तरी वरचं टोक तेवढंच. आणि विकायचं कधी ते घेतानाच वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत दोन ओळी आहेत: लागोपाठ दोन लिलावांत विक्री पंचाहत्तर टक्क्यांखाली, किंवा उंची मालाचं उत्पादन दोन सहामाही घसरलेलं असताना नवीन बांधकामाची घोषणा. यातलं एक जरी झालं तरी अर्धे विकायचे, दोन्ही झाली की सगळे, मग त्या आठवड्यात कितीही सुंदर खड्याचा फोटो येवो.