तापल्यावर बंद पडणारी जुनी गाडी: माझा अनुभव

जुनी गाडी, सिंगल बॅरल (एकाच नळीचा) कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. थंड असताना छान चालायची, पण इंजिन तापलं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) धडधडायची आणि थांबलं की बंद पडायची. स्पार्क प्लग काढले तर टोकांवर काळी काजळी. म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त.

अशा वेळी बहुतेक जण थेट मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवणारा) फिरवायला घेतात. पॉइंटची गॅप (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांतलं अंतर), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि एअर फिल्टर बघितल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. ते सगळं ठीक होतं, म्हणून कार्बोरेटरचं झाकण उघडलं. फ्लोट चेंबरमध्ये (तरंगत्या फ्लोटने पातळी राखणारी पेट्रोलची छोटी टाकी) पेट्रोलची पातळी चढलेली. चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हचं निमुळतं टोक भिंगाखाली धरलं, तर त्यावर गोल चर पडलेला. तिथूनच पेट्रोल झिरपत होतं. नीडल आणि सीट (नीडल जिथे टेकते ती जागा) जोडीने बदलली, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावली. जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं असलेले भाग) क्लीनर आणि हवेनेच साफ केले. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला.

मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घेऊन दीड फेरा बाहेर काढला. इंजिन नीट तापवलं, चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून. मॅनिफोल्डला (मिश्रण इंजिनात नेणारी नळी) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली ओढ मोजणारा काटा, लावून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो. काटा सर्वांत वर जाऊन स्थिर झाला, तिथे सोडला. मग थ्रॉटलच्या (इंजिनाचा वेग ठरवणारी झडप) स्क्रूने आरपीएम ७५० वर आणले आणि मिश्रण पुन्हा जुळवलं, कारण एक हललं की दुसरं बदलतं. आता प्लग फिकट तपकिरी निघतात.