पार्सल हरवलं तर कुणाला धरायचं? कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि आता बरीच वर्षं विद्यापीठाच्या बाजूला मेस चालवते. नागपूर-कोल्हापूर गाडीनं परभणी, लातूरकडून शिकायला येणारी पोरं-पोरी, गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोली एमआयडीसीत कामाला लागलेले, असे आपल्याकडचे खूपजण माझ्याकडे जेवतात. खोली कुठं मिळते, डिपॉझिट किती, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते पार्सलचं. गादी, टेबल फॅन, बूट, मोबाइल, लॅपटॉप, सगळं तुम्ही मोबाइलवरून मागवता. दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी गहाळ होतं आणि दरवर्षी पोरं भलत्याच माणसाच्या मागे धावतात.

ज्यानं पैसे घेतले, त्यानं वस्तू तुमच्या हातात पोचवायची. कुरियर त्यानं नेमला, त्याचा दर त्यानं ठरवला, पावती त्याच्या नावाची. तुमचा कुरियरशी व्यवहारच नाही. त्यामुळं "तुम्हीच कुरियरवाल्यांना फोन करून विचारा" असं विक्रेता म्हणाला तर एकदा विचारा, पण तो शोध तुमच्या गळ्यात घालून घेऊ नका. ते काम त्याचं आहे.

विक्रेते अजून एक वाक्य हमखास ऐकवतात: "आम्ही माल कुरियरला दिला, आमचं काम संपलं." हे अगदीच हवेतलं नाही. १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्याच्या कलम ३९ मध्ये वाहतूकदाराकडे माल सोपवणं म्हणजे सकृतदर्शनी खरेदीदाराला सोपवणं, असं धरलंय. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की विक्रेत्यानं वाहतुकीचा करार मालाला शोभेल असा नीट केला नाही आणि माल हरवला, तर खरेदीदार ती पोच नाकारू शकतो. शिवाय तुमच्यासाठी दुसराही एक कायदा आहे. तुम्ही घरच्या वापरासाठी वस्तू घेतली असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूला उभा आहे. घरपोच देतो म्हणून पैसे घेतले आणि वस्तू दिली नाही, ही सेवेतली त्रुटी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर सांगितलेल्या मुदतीपेक्षा वस्तू उशिरा आली तरी विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाचा.

तो अपवाद कोल्हापुरात खराच घडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली आणि शहरात काही येईना. तेव्हा दूध आणि गॅस मिळायची मारामार, तिथं पार्सलचं काय. अशा वेळी उशिराबद्दल भांडू नका. मात्र रस्ता सुरू होऊन बरेच दिवस झाले आणि पार्सल सापडतच नसेल, तर पूर आला होता म्हणून तुमचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क कुणाला मिळत नाही.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोसारख्या ठिकाणी विकणारा बहुतेक वेळा तिसराच कुणीतरी असतो आणि ॲप म्हणजे बाजार. बिल उघडून बघा, विक्रेत्याचं नाव-पत्ता त्यावर असतो. तक्रार दोघांकडे करायची, एकाच मजकुराची. नियमाप्रमाणं प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावा लागतो, आणि त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच व एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. चॅटवर बोलणारं मशीन म्हणजे हा अधिकारी नव्हे. ॲपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात त्याचा ईमेल सापडतो, तो शोधा.

आता ओटीपी. हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या जेवणाच्या वेळी सांगते, इथंही सांगते. पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. फोनवर तर मुळीच नाही.

मागे आमच्याकडे जिंतूरकडची एक मुलगी होती. वडिलांनी सोयाबीनची पट्टी आली त्यातून तिला लॅपटॉप घेऊन दिला, ऑनलाइन, कारण तिथं दोन हजारांनी स्वस्त. ती तासाला बसलेली असताना फोन आला, "मॅडम, खाली आलोय, गेटवर ठेवतो, ओटीपी सांगा." तिनं हळू आवाजात सहा आकडे सांगितले. संध्याकाळी गेटवर काही नाही. वॉचमनला काही माहीत नाही. त्या नंबरवर फोन लागेना. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: ओटीपी देऊन पार्सल स्वीकारलेलं आहे. तिनं पोलिसांत अर्ज दिला, कंपनीला पुन्हा पुन्हा लिहिलं, पैसे मिळाले नाहीत. ओटीपी म्हणजे तुमची सही. कायदा कितीही चांगला असला तरी सही करून बसलेल्या माणसाला "मला मिळालं नाही" हे सिद्ध करणं फार जड जातं. तिचा चेहरा मला आजही आठवतो, म्हणून मी हे रोज बोलते आणि पोरं कंटाळतात. कंटाळू द्या. डिलिव्हरीवाला थांबायला तयार नसेल तर परत नेऊ दे. उद्या येईल.

ओटीपी नसताना ॲपवर 'डिलिव्हर्ड' दाखवलं आणि हातात काही नाही, तर गोष्ट वेगळी. तिथं पोचवल्याचं दाखवायची जबाबदारी त्यांची. हिंगोलीच्या एका मुलाच्या बुटांचं असंच झालं. कुणाची तरी सही, नाव ओळखीचं नाही. त्यानं त्याच रात्री जेवून उठल्यावर माझ्यासमोर बसून मेल लिहिला: "ऑर्डर क्रमांक अमुक, आज दुपारी पोचल्याचं दाखवलं आहे. वस्तू मला किंवा मी सांगितलेल्या कोणत्याही व्यक्तीला मिळालेली नाही. कुणाला दिली, सही, फोटो आणि ठिकाण कळवावं. वस्तू किंवा पूर्ण रक्कम द्यावी." एवढंच. शिवीगाळ नाही, उद्गारचिन्हं नाहीत. सोबत ॲपचा स्क्रीनशॉट आणि बिल. कंपनीकडं दाखवायला फोटो नव्हता, पैसे परत आले. त्याच दिवशी लिहिलं म्हणून आले. कित्येक कंपन्या 'मिळालं नाही' असं कळवायला मोजकेच दिवस देतात, आणि आपली पोरं आठवडाभर "येईल की" म्हणत बसतात.

इथं आपल्या माणसांबद्दल थोडं बोलते. आपल्याकडं तक्रार करणं म्हणजे भांडण काढणं वाटतं. "जाऊ द्या काकू, सातशे रुपयांचंच होतं." आणि ज्याला राग येतो तो रस्त्यात डिलिव्हरीवाल्या पोराची कॉलर धरतो. तो पोरगा तुमच्यासारखाच, कधी कधी तुमच्याच तालुक्यातला, उन्हातान्हात गाडी फिरवणारा. त्याच्या हातात काही नसतं. कोल्हापूरकरांचा स्वभाव याच्या उलट. त्यांना नुसतं कळलं तरी "चल भावा, कुठाय त्यांचं गोडाऊन, बघूया" म्हणून चारजण गाड्या काढतात. माणसं जिवाला जीव देणारी आहेत, मला या गावानं कधी परकं वाटू दिलं नाही. पण गोडाऊनवर जाऊन आवाज चढवला की हाती काही येत नाही, उलट तुमच्याच नावावर तक्रार होते. लिहा. जे काही बोलाल ते लिहून बोला.

हाच मोकळा स्वभाव पार्सलच्या बाबतीत अडचणीचा ठरतो. शेजारचे, खालचा किराणावाला, चहाच्या गाड्यावरचे मामा, कुणीही तुमचं पार्सल घेऊन ठेवतात. तुम्ही फोनवर "तिथं द्या" म्हणालात की वस्तू तुम्हाला मिळाली असंच धरलं जाणार. डिलिव्हरीवाल्यानं स्वतःच्या मनानं कुठं ठेवलं, तर जबाबदारी त्यांच्याकडेच राहते. म्हणून "शेजारी देऊ का?" या प्रश्नाला सरळ नाही म्हणा. माझ्या मेसवर मागवायचं असेल तर आधी मला सांगा आणि पत्त्यात मेसचं नाव घाला.

पत्ता चुकीचा दिलात तर मात्र दोष तुमच्या माथी. राजारामपुरीत गल्लीचा नंबर घालाच, पिन ४१६००८. विद्यापीठाच्या भागाचा ४१६००४. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेत घर नंबरापेक्षा तालमीचं नाव जास्त कामाचं. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगावला राहणारे नुसतं 'कोल्हापूर' लिहून शहराचा पिन टाकतात, आणि पार्सल दुसऱ्याच पोस्टात फिरत राहतं. गावाचं नाव आणि तिथला पिन घरमालकाला विचारून घ्या.

विक्रेत्यानं पोस्टानं पाठवलं असेल तरी मागायचं विक्रेत्याकडंच. पोस्टाकडून फार काही मिळत नाही. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही पोस्टाची जबाबदारी नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यातलं जे कमी ते, असं जुनं सूत्र आहे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच गेलं. घरून कुणी किमती वस्तू पाठवणार असेल तर विमा उतरवायला सांगा.

महिन्याभरात कंपनीनं दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं मराठीतही बोलता येतं. बऱ्याच कंपन्या इथूनच वळणावर येतात. नाहीच आल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथं तक्रार दाखल करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज जातो. मुदत दोन वर्षांची. भाडेकरार किंवा कंपनीचं ओळखपत्र इथला पत्ता दाखवायला जपून ठेवा.

कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा, लवकर. व्हॉट्सॲपवर ॲडव्हान्स घेऊन गायब झालेला माणूस हा विक्रेता नव्हे, चोर; तिथं ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जुनी वस्तू एखाद्या खासगी माणसाकडून घेत असाल तर समोरासमोर घ्या, ग्राहक कायदा तिथं सहसा कामाला येत नाही.

शेवटचा विषय, कारण आता तुमच्यातलेच काहीजण विकायला लागलेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी बाहेरगावी मोठी, आणि खोलीत बसून इन्स्टाग्रामवर चपला, मसाला, गूळ विकणारी पोरं मी बघते. मला त्याचं कौतुक आहे. पण मग वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू. गिऱ्हाइकाला "कुरियरला दिलं" सांगून सुटता येणार नाही. कुरियरच्या पावतीच्या मागे छापलेलं असतं की हरवल्यास अमुक इतकीच भरपाई, आणि सही केलेल्याला ती मर्यादा लागू होते असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलंय. म्हणून महाग माल पाठवताना किंमत जाहीर करा, जास्तीचे पैसे भरून विमा घ्या, पॅकिंगचा आणि वजनकाट्याचा फोटो काढा. माल हरवला तर आधी गिऱ्हाइकाचे पैसे परत करा. मग कुरियरला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात ती अट आहे, आणि ती मुदत चुकली की दावा लावता येत नाही.