कॅलिफोर्नियात मोजक्या पैशांत संसार मांडताना प्री-नप करावा का?

लग्न ठरवून कॅलिफोर्नियात नव्याने येणारी मराठी मुले-मुली नेहमी विचारतात की, वकिलांवर हजारो डॉलर घालवून मालमत्ता, कर्ज आणि पोटगीचे काय होईल हे ठरवणारा लग्नापूर्वीचा करार, म्हणजे इथे ज्याला सगळे प्री-नप म्हणतात तो, करण्याची खरोखर गरज आहे का. विमानाची तिकिटे, कार्यालयाचे भाडे आणि अपार्टमेंटचे डिपॉझिट एकाच वेळी समोर असताना हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या मते दोघेही नोकरी करत असतील आणि दोघांकडेही लग्नाआधीचे फारसे काही नसेल, तर हा खर्च टाळता येतो.

करार केला नाही तर इथला फॅमिली कोड, म्हणजे कॅलिफोर्नियाचा कौटुंबिक कायदा, लागू होतो. त्यानुसार लग्नानंतर या राज्यात राहत असताना दोघांपैकी कोणीही मिळवलेला पगार आणि त्यातून घेतलेली मालमत्ता दोघांच्या समान मालकीची असते. लग्नाआधीची मालमत्ता, वारसाहक्काने आलेली मालमत्ता आणि भेट म्हणून मिळालेल्या वस्तू मात्र ज्याच्या त्याच्या राहतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना ही सामाईक मालकी नवीन वाटते, कारण हिंदू विवाह कायद्यात तशी तरतूदच नाही. गोवेकरांना ती ओळखीची वाटेल, फक्त तिथे वेगळा करार नसेल तर लग्नाआधीची मालमत्ताही सामाईक होते.

खरी गुंतागुंत होते ती गावाकडच्या फ्लॅटमुळे. समजा, मुलाने लग्नाआधी वाकडला गृहकर्जावर फ्लॅट घेतला आहे आणि दरमहा 40,000 रुपयांचा हप्ता लग्नानंतर इथल्या पगारातून जातो. फ्लॅट एकट्याच्या नावावर असला, तरी तो पगार दोघांचा असल्यामुळे हप्त्यातून जेवढे मुद्दल फिटते त्या प्रमाणात आणि लग्नानंतर वाढलेल्या किमतीतही सामाईक हिस्सा तयार होतो. दहा वर्षांनी घटस्फोटाची वेळ आली, तर हा हिशेब मांडायला लागणारा खर्च करारापेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून असा फ्लॅट असणाऱ्यांनी, मग तो मुलीचा असो वा मुलाचा, करार करावा. आधीच्या लग्नाची मुले असतील किंवा घरच्या व्यवसायात भागीदारी असेल, तरीही माझा सल्ला हाच राहील. दागिन्यांसाठी मात्र करार लागत नाही. आईने मुलीला घातलेले दागिने तिचेच असतात, फक्त पावत्या आणि फोटो जपून ठेवावेत.

एकाने लग्नाआधी इथे एमएससाठी काढलेल्या कर्जाची भीती अनेकांना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही, कारण अशा कर्जाच्या वसुलीसाठी सामाईक मालमत्तेला हात लागू शकतो. त्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. दुसऱ्याने आपला पगार स्वतःच्या वेगळ्या खात्यात ठेवावा. त्या खात्यातून कर्जदार जोडीदाराला पैसे काढता येत नसतील आणि त्यात इतर सामाईक पैसे मिसळले नसतील, तर त्या पगाराला कायद्याचे संरक्षण मिळते.

एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, येणाऱ्या मुलींच्या आई-वडिलांनी पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. जोडीदाराच्या ग्रीनकार्डच्या प्रक्रियेतला आय-140, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत तिला सहसा नोकरीची परवानगी मिळत नाही, म्हणजे काही वर्षे ती पूर्णपणे एकाच पगारावर अवलंबून असते. अशा मुलीने पोटगीचा हक्क सोडून देणाऱ्या कलमावर सही करू नये, असे मला मनापासून वाटते. सही करताना तिचा स्वतंत्र वकील नसेल तर ते कलम तिच्याविरुद्ध लागूच होत नाही. म्हणून खर्च वाचवण्यासाठी दोघांत एकच वकील करणे मुलाच्याही हिताचे नाही. मुलांच्या संगोपनाच्या खर्चाचा हक्क तर कोणत्याही करारात कमी करता येत नाही. तसेच जोडीदाराला ग्रीनकार्डसाठी स्पॉन्सर करताना भरलेल्या आय-864 ची, म्हणजे जोडीदाराला आर्थिक आधार देण्याच्या हमीपत्राची, जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही आणि कराराने टाळताही येत नाही.

करार करायचे ठरले, तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) बार असोसिएशनकडे, म्हणजे वकिलांच्या संघटनेकडे, वकील शोधून देण्याची सेवा असते, तिथून सुरुवात करावी. मसुदा तयार करण्यापुरते किंवा तो तपासून देण्यापुरते काम घेणारे वकीलही मिळतात. मात्र अटी आणि मालमत्ता-कर्जांची संपूर्ण यादी दोघांनी बसून आधीच लिहून ठेवली, तर वकिलाचे तास बरेच वाचतात. अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सही होईपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात. आपल्याकडे व्हिसाच्या कागदांसाठी पुण्या-मुंबईत आधी रजिस्टर लग्न उरकतात आणि विधी सहा महिन्यांनी डिसेंबरच्या सुट्टीत करतात. कायद्याच्या दृष्टीने लग्न त्या रजिस्टरच्या दिवशीच लागलेले असते. त्यानंतर केलेला करार हा पती-पत्नींमधला करार ठरतो आणि एकाला त्यात झुकते माप मिळाले असेल, तर दुसऱ्यावर दबाव आला असावा असे गृहीत धरून न्यायालय तो तपासते, त्यामुळे सह्या रजिस्टरच्या तारखेआधीच झालेल्या असाव्यात.