काळा ठसा पुढून, रंग मागून: मुनाकाता शिकोंच्या पद्धतीने वुडकट

वुडकट, म्हणजे लाकडी फळी (ब्लॉक) कोरून, तिला शाई लावून छापलेलं चित्र, शिकवायला घेतलं की मुलं आधी रंगांचंच विचारतात. "सर, प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक कापायचा?" जुन्या जपानी छापचित्रांत तसंच होतं, आणि चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. १९०४ साली यामामोतो कानाए यांनी एका मच्छीमाराचं छोटंसं चित्र स्वतःच काढलं, कोरलं आणि छापलं. आधुनिक जपानी वुडकटची सुरुवात तिथून मानतात. पण आमच्या वर्गाला परवडणारा मार्ग मुनाकाता शिको (१९०३–१९७५) यांचा. एकच ब्लॉक, एकच काळी शाई, आणि रंग कागदाच्या पाठीवरून. जपानीत याला 'उराझाइशिकी' म्हणतात.

मुनाकाता उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या लोहाराचे चिरंजीव. पोरवयात कोर्टात हरकाम्या होते. व्हॅन गॉगची सूर्यफुलं मासिकात पाहिली आणि चित्रकार व्हायचंच या जिद्दीने १९२४ साली तोक्यो गाठलं. तिथे तैलचित्रं नाकारली जात राहिली. १९२६ साली कावाकामी सुमिओ यांचं एक छापचित्र पाहिलं आणि गडी लाकडाकडे वळला. दृष्टी इतकी अधू, की कोरताना नाक फळीला टेकायचं.

आता कामाला लागू. फळी मऊ आणि सलग रेषांची घ्या. प्लायवूड चालेल, पण वरचा पापुद्रा उचकटणारं नको. फळीला पातळ काळा रंग मारा, वाळू द्या, त्यावर पांढऱ्या खडूने चित्र काढा. म्हणजे गाउज (कोरायची पन्हाळी छिन्नी) जिथे चालेल तिथे पांढरं दिसतं, आणि काळं किती उरलंय ते डोळ्यासमोर राहतं. बारकावे आधीच ठरवत बसू नका. अक्षरं हवी असतील तर उलटी कोरायची. मुनाकातांच्या चित्रांत मजकूर भरपूर असतो. देवनागरी त्या मानाने सोपी, कारण शिरोरेखा जाड ठेवली की अक्षरं तिला धरून राहतात, तुटत नाहीत. हात नेहमी गाउजच्या मागे. हे मी रोज ओरडून सांगतो, तरी सांगतो.

कागदात कंजुषी नको. वॉशी, म्हणजे जपानी हातकागद, मिळाली तर उत्तम, नाहीतर पातळ नेपाळी हातकागद. खिडकीसमोर धरल्यावर मागच्या बोटांची सावली दिसली पाहिजे. ड्रॉइंग पेपर इथे कामाचा नाही. शाई तेलाची, रोलरने पातळ फिरवा. कागद ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. बारेन (ठसा घासायची जपानी गोल चकती) असेल तर प्रश्नच नाही.

मग थांबा. बोटाला शाई लागेनाशी होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही.

ठसा पालथा घाला, खाली टीपकागद. काळ्या रेषा पाठीवर पुसट दिसतात, तोच तुमचा नकाशा. पारदर्शक जलरंग घ्या. पोस्टर कलर जाडसर बसतो, आरपार येत नाही. ब्रश भरून गालावर लाल ठिपका टाका आणि हात उचला. रंग आपोआप तंतूंतून पसरतो, रेषेबाहेर थोडा जातो. जाऊ द्या. सुलटा करून पाहा: काळं तसंच धारदार, आणि लाली कातडीच्या आतून आल्यासारखी. हा मार्ग मुनाकातांना लोककलेचे जाणकार यानागी सोएत्सु यांनी सुचवला होता.

पण प्रत्येक ठशाला रंग लागतोच असं नाही. १९३९ सालची त्यांची बुद्धाच्या दहा शिष्यांची मालिका पाहा. शारिपुत्र, आनंद, उपाली, राहुल, ही नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. सगळी चित्रं निव्वळ काळीपांढरी, आणि माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम तेच. १९५६ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना छापचित्रांचं मोठं पारितोषिक मिळालं. म्हणून पहिला ठसा बिनरंगाचा बाजूला ठेवा आणि मगच पुढच्याला ब्रश लावा.

ब्लॉक फेकू नका. त्या मालिकेसोबतच्या दोन बोधिसत्त्वांचे ब्लॉक १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाले, मुनाकातांना ते पुन्हा कोरावे लागले. काम झालं की रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओल नसलेल्या भिंतीला उभा करून ठेवा.